कम्याचं पाणी आणि अबू दाहमची नजर

आमच्या माळावर ज्याला काहीच होत नाही, त्यालाही कमा लागू पडतो. गुडघे धरले, कमा खा. पोट सुटलं, कमा खा. लग्नाला चार वर्षं झाली आणि पाळणा हलेना, तर नवऱ्याला कमा. आणि पाळणा फारच हलायला लागला, तर बाळंतिणीला कमा. माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ मिज्बिल याची पिकअप रस्त्यात बंद पडली, तेव्हा इंजिनात कमा घालायचा तेवढा राहिला, आणि तोही मोसम नव्हता म्हणून.

इतर मुलखातली अळंबी म्हणे छत्री उघडून उभी राहतात. आमचा कमाही अळंबीच, पण तो वाळूखालीच तोंड लपवून बसतो. ना पान, ना देठ, ना मूळ. हिवाळ्याच्या तोंडाशी आभाळ गडगडलं की तो धरतो, आणि थंडी सरता सरता जमीन भाकरीसारखी जराशी फुगते, तडकते. ती तडक ज्याला दिसली त्याला कमा मिळाला. तुपात अंड्याबरोबर परतावा, नाहीतर कोकराच्या मटणात शिजवावा आणि गप्प बसून खावा. पण गप्प बसणं आमच्या पुरुषांना कुठलं जमायला?

त्यातून डोळ्यांचं तर विचारूच नका. कम्याच्या पाण्यात डोळ्यांची दवा आहे, हे पैगंबरांचं वचन आहे. त्यावर मी बोलणार नाही, माझी ती पायरी नाही. पण ते पाणी किती घ्यायचं, कोणत्या दुखण्याला, कच्चं की उकळून, हे सगळं आपल्यालाच ठाऊक आहे अशा थाटात माझे यजमान अबू दाहम बोलायचे. कच्चा कमा फडक्यात पिळायचा, बाटलीत भरायचा, तीन थेंब सकाळी, तीन संध्याकाळी. समावा शहरातून लोक बाटली मागायला यायचे. कुणी शंका काढलीच, तर अबू दाहम डोईचा रुमाल मागे सारून दोन्ही डोळे ताणून दाखवायचे.

"हे बघ. साठी उलटली. आजही आमच्या कुळाची पहिली नजर मीच आहे. आणखी काय पुरावा पाहिजे?"

लोक बघायचे आणि खाली मान घालून बाटली घेऊन जायचे. मी आत चहा ओतत ओठ चावायची. कारण त्या दोन डोळ्यांना गेली पाच वर्षं समोरचा उंट दिसत नव्हता.

पहिली नजर म्हणजे काय ते सांगते. मोसमाच्या पहिल्या दिवशी, सूर्य वर येताना, आमचं सगळं कुळ माळावर निघतं. सर्वांत पुढे एकच माणूस, ती पहिली नजर. तो वाकून पहिला कमा उपसून हातात धरेपर्यंत मागच्या कुणीही खाली बघायचं नाही. सगळ्यांच्या माना वर, डोळे लांब क्षितिजावर. कुणी खाली बघितलंच, तर कमा लाजून खोल जातो आणि सगळा मोसम बुडतो, असं आमच्याकडे मानतात. ही मानाची जागा सासऱ्यांकडून अबू दाहमकडे आली. बाईकडे ती जात नाही. का, असं मी नवी नवरी असताना एकदा विचारलं होतं. मिज्बिल म्हणाला होता, "वहिनी, बाईची नजर चुलीवर शोभते." मिज्बिलचं स्वतःचं डोकं कशावर शोभतं, ते मी त्याला सांगितलं नाही. नवी नवरी होते ना.

पहिल्या नजरेमागे दोन पावलांवर टोपली घेऊन त्याच्या बायकोने चालायचं असतं. आणि बाईमाणसाने चालताना कसं चालावं? मान खाली घालून! ते तर घरंदाजपणाचं लक्षण. त्यामुळे झालं असं, की चाळीस माणसांत जमिनीकडे बघायची परवानगी फक्त मला होती, आणि हे आजवर एकाही शहाण्याच्या लक्षात आलं नव्हतं.

पाच वर्षांपूर्वी मोसमाच्या पहिल्या दिवशी अबू दाहम एका तडकेवरून सरळ चालत पुढे गेले. मग दुसरीवरून. तिसऱ्या वेळी मला कळलं, यांना दिसत नाही. चाळीस जणांसमोर माझ्या नवऱ्याची शोभा होणार! मी खोकले. ते थांबले. मी पुन्हा खोकले, ते उजवीकडे वळले, आणि वाकून हात फिरवला तर हाताखाली कमा. सगळ्यांनी अल्लाहचं नाव घेतलं. आम्ही दोघं त्याबद्दल घरी एक अक्षर बोललो नाही. पुढच्या वर्षी एक खोकला म्हणजे उजवीकडे, दोन म्हणजे डावीकडे आणि लांबलचक खोकला म्हणजे वाका, हे आपोआप ठरून गेलं. लोकांना वाटायचं, उम्म दाहमची, म्हणजे माझी, छाती कमजोर आहे. छातीला काय द्यावं? कमा!

यंदा मात्र उजवा डोळा टोमॅटोसारखा लाल झाला. अबू दाहमनी त्यावर साठवणीतल्या बाटलीतलं पाणी दुप्पट घातलं. मग ते भिंतीवर डोकं आपटायला लागले, तेव्हा मी त्यांना ओढत शहरातल्या दवाखान्यात नेलं.

डोळ्यांची डॉक्टरीण इब्तिहाल म्हणून होती, माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची. तिने बॅटरी मारून बघितलं आणि विचारलं, "हाजी, डोळ्यात काय घातलंत?"

"दवा."

"कसली?"

"जी तुझ्या कॉलेजात शिकवत नाहीत, ती."

"वास तर मातीचा येतोय." तिने बॅटरी विझवली. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजवा पिकून आत दाब चढलाय, त्यात तुम्ही ही घाण ओतलीत. तो आता वाचेल असं मला वाटत नाही. डावा वाचेल, पण लगेच ऑपरेशन करायला हवं. पुढच्या रविवारी या. टाळलंत तर तोही याच वाटेने जाईल."

"मला दिसतं," अबू दाहम म्हणाले. "मागल्या वर्षी पहिला कमा मीच काढला. मुठीएवढा."

डॉक्टरणीने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. मला वाचता येत नाही, हे तिला काय माहीत?

तिने ते लगेच ओळखलं. तिने मला बाजूच्या खोलीत बोलावलं. "मावशी, कमा मलाही आवडतो. अंगाला चांगला आहे, पोट भरतो, ताकद येते, खुशाल खा. जुन्या काळी डोळे यायचे, पापण्या चिकटायच्या, तेव्हा त्याने उतारही पडत असेल, मी नाही कशाला म्हणू? पण यांचं डोळ्यातलं भिंगच गढूळ झालंय. ते कशानेच धुऊन निघत नाही, ते काढावंच लागतं. मला एवढंच कळत नाही, इतकं कमी दिसणाऱ्या माणसाला आपल्याला दिसत नाही, हे कळलं कसं नाही?"

मग मी तिला खोकल्याचं सांगितलं. जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं.

ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. म्हणाली, "म्हणजे त्यांना आंधळं राहायची सोय तुम्ही करून दिलीत."

परतीच्या वाटेवर मला तिचा भयंकर राग आला. कालची पोर, मला शिकवते! पण राग कुणाचा होता, ते घरी पोचेपर्यंत मला कळलं होतं. उजवा डोळा कम्याने नव्हता नेला. पाच वर्षांपूर्वी मी खोकले नसते, तर त्याच दिवशी चाळीस जणांसमोर शोभा झाली असती, आठ दिवस हसणं झालं असतं, आणि नवव्या दिवशी हा माणूस दवाखान्यात गेला असता. मी त्यांची लाज वाचवली आणि डोळा घालवला.

"रविवारी जायचं ना?" मी विचारलं.

"कशाला? गुरुवारी माळावर जायचंय. ताजं पाणी मिळालं की बघ कसा डोळा निवळतो. साठवणीतल्या पाण्याचा जोर कमी झाला होता, एवढंच."

"डॉक्टरीण म्हणाली डावाही जाईल."

"डॉक्टरीण काय म्हणेल दुसरं? तिला कमा ओळखता तरी येतो का?"

"आणि तुम्हाला?"

हे मी बोलून गेले. अबू दाहमनी चाचपडत चहाचा पेला शोधला, उचलला आणि रिकामाच तोंडाला लावला. मी त्याच क्षणी ठरवलं, की गुरुवारी माझी छाती ठणठणीत असणार.

गुरुवारी झकास ऊन पडलं होतं. पाऊस यंदा मनासारखा झाला होता, पिवळ्या फुलांची बुटकी झुडपं माळभर पसरली होती, आणि सूर्य तिरका असल्यामुळे प्रत्येक तडकेची सावली पडली होती. इतके कमे मी उभ्या आयुष्यात बघितले नव्हते. जिकडे बघावं तिकडे जमीन फुगलेली. पुढे अबू दाहम, कडक इस्त्रीचा झगा घालून. मागे मी, टोपली घेऊन, घरंदाजपणे खाली बघत. माझ्यामागे मिज्बिल आणि कुळातली चाळीस माणसं, माना ताठ करून, लांबवरच्या काहीच नसलेल्या क्षितिजाकडे टक लावून.

अबू दाहम चालले. पहिला कमा त्यांच्या उजव्या पायापासून वीतभर होता. मी तोंड मिटून घेतलं. दुसरा, तिसरा गेला. त्यांनी मान जराशी कलती केली, कान मागे लावला. मी श्वासही हळू घेत होते. चौथ्यावर त्यांनी पाय दिला आणि तो चिरडला. मागून मिज्बिलने दोन चिरडले. "पायाखाली मऊ लागतंय," तो शेजारच्याला म्हणाला. शेजारचा म्हणाला, "वर बघ रे, वर बघ!" चाळीस माणसं कम्यांवरून चालली होती. गाढवालाही वास आला असता. पण गाढवांना रीतभात नसते.

शे-दीडशे पावलांवर अबू दाहम थांबले. त्यांची पाठ मला दिसत होती. खांद्यांच्या मधोमध घाम आला होता, आणि हवा तर थंड होती. माझ्या घशाशी खोकला आला, खराखुरा. मी तो गिळला. त्यांनी एक हात वर केला.

"यंदा कमा नाही," ते म्हणाले. "परत फिरा."

आता तरी कुणी हसेल, कुणी खाली बघेल, कुणी विचारेल, असं मला वाटलं. छे! मिज्बिलने कौतुकाने मान डोलावली. "काय ती नजर! वाकावं पण लागलं नाही. उभ्या उभ्या सगळा माळ वाचला!" आणि चाळीस माणसं वळली, आणि जे कमे येताना वाचले होते, ते जाताना तुडवले. मिज्बिलने तिथूनच समाव्याच्या व्यापाऱ्यांना फोन लावले, यंदा आमच्याकडे पीक नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी शेजारच्या कुळाची माणसं आली आणि आमच्याच जमिनीवरून पोती भरभरून घेऊन गेली. आमच्यातल्या एकाने ती पोती बघितलीही. तो म्हणाला, "कमे नसतील ते. बटाटे असतील. अबू दाहम नाही म्हणाले आहेत."

पण ते पुढचं. त्या दिवशी आम्ही घरी आलो. मी दार लावलं आणि भांडणाच्या तयारीने उभी राहिले. मनात सगळं पाठ करून ठेवलं होतं. अबू दाहम गालिच्यावर बसले. हातातली काठी त्यांनी इतकी घट्ट धरली होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"तू कुठे होतीस?" त्यांनी विचारलं.

"मागेच. दोन पावलांवर."

"मला वाटलं तू पडलीस."

"मी?"

"तुझा आवाजच आला नाही. मला वाटलं, मागे कुठेतरी पडली असेल, आणि हे लेकाचे सगळे आभाळाकडे बघत तुला ओलांडून येतायत. हाक कशी मारू? मग सगळ्यांना कळलं असतं की मला..." त्यांनी वाक्य तोडलं. "म्हणून म्हटलं, परत फिरा. परत फिरलो की तू वाटेत सापडशील, असं वाटलं."

मी पाठ केलेलं सगळं विसरले. अख्ख्या कुळाचा मोसम त्या माणसाने बुडवला होता, आणि तो नाक वाचवायला नव्हे, मला शोधायला. आणि तेही असं, की मी पायात आले तरच सापडणार. मी त्यांच्याजवळ बसले आणि रडले. राग, कीव, प्रेम, नक्की कशाने, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही. पण रडले खूप.

"रविवारी," मी म्हटलं.

"रविवारी," ते म्हणाले. "दुखतं का गं ते?"

रविवारी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. उजव्यात काही उरलं नव्हतं, डॉक्टरणीने फक्त त्याचं दुखणं थांबवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली, तेव्हा अबू दाहमनी आधी आपला हात बघितला, पालथा, उताणा. मग खिडकी बघितली. मग मला बघितलं, बराच वेळ.

"उम्म दाहम, तुझ्या हनुवटीवरचं गोंदण फिकं झालं."

"मग काय, दरवर्षी रंग देऊ?"

"आणि ही सुरकुती कधी आली?"

"चला, दिसायला लागलं वाटतं," मी डॉक्टरणीला म्हटलं. "लगेच खोड्या काढायला सुरुवात."

आम्ही घरी आलो, त्या संध्याकाळी बैठक गच्च भरली. पुरुष त्या बाजूला, पडद्याच्या या बाजूला आम्ही बायका, चहा आणि खजूर. अबू दाहम काळा चष्मा लावून भिंतीला टेकून बसले होते. मिज्बिलने त्यांच्या डोळ्यांसमोर बोटं नाचवली.

"किती?"

"तीन. आणि नखं काप."

बैठकीत आनंदाची लाट उसळली. "कम्याचं पाणी!" कुणीतरी ओरडलं. "मी म्हणत नव्हतो?"

"पाणी नाही," अबू दाहम म्हणाले. त्यांचा आवाज मोठा आणि स्वच्छ होता. "डॉक्टरणीने आतलं जुनं भिंग काढलं आणि नवं बसवलं. पाण्याने माझा उजवा डोळा गेला. बाटल्या आणल्या असतील त्यांनी ओतून द्या. कमा खायचा असतो."

मला वाटलं, झालं, कळलं. मग मिज्बिल विचारपूर्वक म्हणाला, "ऑपरेशन झालं हे खरं. पण ते लागू कशामुळे पडलं? पाच वर्षं पाणी घालून आत जमीन तयार केली होती म्हणून! नाहीतर परकं भिंग असं टिकतं का?" सगळ्यांनी माना डोलावल्या. बरोबर आहे, बरोबर आहे. एकाने तर ऑपरेशनच्या आधी किती दिवस पाणी घालावं, असं विचारलं.

अबू दाहमनी चष्मा काढला. "आणखी एक सांगतो. ही पाच वर्षं मला काहीच दिसत नव्हतं. पहिला कमा दरवर्षी उम्म दाहमने शोधला. मी फक्त वाकलो. या कुळाची पहिली नजर ती आहे."

मी चहाची किटली खाली ठेवली. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती. चार माणसांत त्यांनी माझं नाव चांगल्या कारणासाठी कधी घेतलं होतं, मला आठवेना.

आणि मग बैठक हसायला लागली. आधी एक, मग दोन, मग सगळी भिंत. मिज्बिलने मांडीवर थाप मारली, त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "भूल!" तो म्हणाला. "अजून भूल उतरली नाही हाजींची! कुणीतरी लिंबू-चहा द्या रे त्यांना!"

"मला भूल नाही चढलेली," अबू दाहम ओरडले. त्यामुळे तर हसू आणखी वाढलं. सूर्याएवढा कमा सापडला असं ते म्हणाले असते, तर त्या माणसांनी विश्वास ठेवला असता. बायकोने शोधला म्हटल्यावर त्यांना औषधाचा वास यायला लागला. माझे कान तापले. उठून पडदा बाजूला करावा आणि किटली मिज्बिलच्या डोक्यावर ओतावी, असं अगदी मनापासून वाटलं.

तेवढ्यात कुणीतरी माझं मनगट धरलं. मिज्बिलची आई होती. तिचा एक डोळा दोन वर्षांपासून दुधासारखा पांढरा होता, आणि तिच्या मांडीवर रुमालात गुंडाळलेली आमचीच बाटली होती.

"पाचही वर्षं तूच काढलास?" तिने हळूच विचारलं.

"हो."

"मला वाटलंच होतं. अबू दाहमला लहानपणीही स्वतःच्या चपला सापडायच्या नाहीत." तिने बाटली माझ्या हातात ठेवली आणि माझ्या मुठीवर स्वतःची मूठ दाबली. "ती डॉक्टरीण कोणत्या वारी बसते?"

"रविवारी."

"मला ने. मिज्बिलला काही सांगू नकोस."

मी हो म्हटलं. मग तिच्या मागे बसलेली पुढे सरकली आणि म्हणाली, मलाही ने. तिच्या शेजारचीने नुसतीच मान हलवली आणि आपली बाटली माझ्यापुढे ठेवली. मग कोपऱ्यातली उठून आली. पडद्यापलीकडे अजून हसणं चालू होतं.